पाटावरची परीक्षा

ज्या माणसाच्या वहाणा माझ्या उंबऱ्याशी साडेतीन महिने पडून होत्या, त्याला सर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मानसिंग सर. भोरच्या एका हायस्कुलात वाणिज्य आणि टायपिंग शिकवतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पोरांना सांगतात, हातात घेतलेलं काम पुरं करावं. आणि स्वतः माझ्या घरातून काम अर्धं टाकून अनवाणी पळाले.

पळाले म्हणजे पळालेच. वाडीतल्या कुत्र्यांनी पाहिलंय.

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. एवढं लिहायला मला सहा दिवस लागले. सहा दिवस बोटं मोडून मी खोटं लिहीन असं ज्याला वाटतं, त्याने हा कागद इथंच खाली ठेवावा.

दिवस सांगते. सन एकोणीसशे एकोणसत्तर. मार्गशीर्षातला पहिला शुक्रवार. दुपारचे तीन. जागा आमचं घर, आंबवड्याजवळची वाडी, तालुका भोर.

रात्र नव्हती. अंगणात लख्ख ऊन होतं. म्हातारीला अंधारात भास झाला असं कुणी म्हणू नये.

आणि मी एकटीने ऐकलं असंही नाही.

मालक वारल्यापासून या घरात माझा शब्द चालतो. बैलांना मी नुसतं 'होऽ' केलं की ते जागच्या जागी उभे राहतात. माझा सावळाराम दोन पोरांचा बाप आहे, पण मी 'पुरे' म्हटलं की पुढं बोलत नाही.

माझ्या शब्दाने न थांबणारी एकच होती.

माझी अंजी. अंजना. शेंडेफळ.

अकरावीला होती. रोज एसटीने भोरला जायची, मानसिंग सरांच्याच शाळेत. वाणिज्य घेतलं होतं, त्यात टायपिंग. हायस्कुलात मशीनं आठ आणि पोरं तीस. एकेकाच्या वाट्याला आठवड्यातून दोन तास यायचे. तेवढ्याने हात कुठला बसायला? मग तिने घरातला जुना पाट घेतला आणि बिब्ब्याच्या रसाने त्यावर चौकोन काढून सगळी अक्षरं लिहिली. मशीनवर असतात तशी, ओळीने.

संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि पाठीमागे हिचं चालू.

टक टक टक टक.

ओळ संपली की तोंडानेच म्हणायची, "टिंग!" आणि डाव्या हाताने हवेतच काहीतरी उजवीकडे ढकलायची. मशीनला तशी घंटी असते म्हणे.

हातांवर माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायची. सर म्हणे वर्गात हातावर फडकं टाकतात. अक्षर बघून मारायचं नाही. बोटाला आपली जागा आपोआप सापडली पाहिजे.

"ये हापिसरीनबाई," मी ओरडायची, "पाटाला भोकं पडतील. पुरे आता!"

"आय, पुरे म्हनायचा हक तुला न्हाई. सर 'सुरू करा' म्हनत्यात तवा सुरू करायचं. 'थांबा' म्हनत्यात तवा थांबायचं. मधी कुणी बी हाक मारू दे, बोटं उचलायची न्हाईत. उचलली की नापास."

"मग जेव म्हनायला बी सरांनाच बोलीव."

"आले सर, तर तू काय वाढशील?"

"तुझं डोस्कं."

खदाखदा हसायची. पण बोटं उचलायची नाही.

तोंडावर मी तिचं कधी कौतुक केलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पण भोरच्या बाजारात गेले की भाजीवालीला सुद्धा सांगायची, माझी पोरगी न बघता लिवती.

तिला मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा द्यायची होती. भोरलाच, त्यांच्या हायस्कुलात. पास झाली की कचेरीत अर्ज करणार होती. आमच्या सात पिढ्यांत कचेरीतल्या खुर्चीवर कुणी बसलेलं नाही. आम्ही गेलो की दाराशी उभं राहतो. अंजी म्हणायची, "आय, तू आलीस की म्या तुला आधी बसायला सांगीन."

दिवाळी सरली आणि तिला ताप भरला.

मुदतीचा ताप. भोरच्या डॉक्टरांची औषधं आणली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. तेराव्या दिवशी सकाळी रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि ती धडपडत उठून बसली.

"आय, आज परीक्षा हाय. माझी गाडी जाईल."

उभं राहायचं बळ नव्हतं पोरीत. मी खांद्याला धरून तिला निजवलं.

आणि मी खोटं बोलले.

"परीक्षा पुढं गेली."

"कवा हाय मग?"

"तुला बरं वाटलं की. सर सोताच येनार हायेत, हितं घरी. पाटावरच घेनार हायेत तुझी परीक्षा."

"सरांनी तसं सांगितलं?"

"व्हय. निरोप आलाय."

सावळाराम दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने होकार दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

अंजीचा चेहरा असा उजळला... तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

"मग म्या तयार राहते," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दोन्ही हात गोधडीवर होते. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. जराशी वाकलेली, टोकं टेकलेली. अंघोळ घालताना बायकांनी ती सरळ करायचा खूप प्रयत्न केला.

झाली नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथं जीव गेला तिथं पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात पाऊल कशाचं उमटलंय. गाईचं, पाखराचं, मुंगीचं. त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ठरवतात.

शेजारची अंबूबाई सगळं सांगत होती आणि मी करत होते. जमीन नुकती सारवलेली, ओली होती. पीठ ओलं होईल म्हणून मी हाताला आला तो पाट खाली ठेवला आणि त्यावर पीठ पसरलं.

तो अंजीचा पाट होता. माझ्या ध्यानातच आलं नाही. रडून रडून डोळे गेले होते.

सकाळी अंबूबाईने टोपली उचलली.

पिठात... चार खळगे या बाजूला, चार त्या बाजूला. ओळीने. आणि खाली मधोमध एक आडवा, अंगठ्याएवढा.

"मांजराचं पाऊल हाय गं चंद्राबाई," अंबूबाई म्हणाली.

"मांजर असं हात जोडल्यागत एका रेषेत बसतं व्हय?"

"मग पाखरू असंल."

मला कळलं होतं. त्या खळग्यांच्या तळाशी बिब्ब्याची काळी अक्षरं दिसत होती. मधल्या ओळीतली. रोज संध्याकाळी, सुरू करायच्या आधी, अंजीची बोटं तिथंच टेकलेली असायची.

मी पीठ सारखं केलं. पुन्हा टोपली घातली.

दुसऱ्या सकाळी... तेच. तेच नऊ खळगे.

तिसऱ्या सकाळी तेच.

आवाज मात्र नाही. एवढासाही नाही. ज्या घरात दोन वर्षं टकटक चालली होती ते घर असं गप्प, की चुलीतली राख बसलेली ऐकू यावी. नुसती टेकलेली बोटं. पुढं काही नाही.

सावळाराम म्हणाला, "आय, ती कशाची वाट बघतीय?"

"परीक्षेची," मी म्हटलं. "आपनच सांगितलंय तिला."

त्याला सरांकडे धाडला. पहिल्या खेपेला सर म्हणाले, "तुमचं दुःख मी समजू शकतो, पण असलं काही मानत नाही." दुसऱ्या खेपेला भेटलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला सावळाराम शाळेच्या पायरीवर जाऊन बसला. सकाळपासून दुपारपर्यंत. हललाच नाही. शेवटी सर बाहेर आले आणि त्याच्याबरोबर एसटीत बसले.

तोच तो शुक्रवार.

येताना एक कागद आणला होता. अंजीच्या नावाचा परीक्षेचा पेपर. ती परीक्षेला बसली नाही म्हणून तसाच राहिला होता.

उंबऱ्याशी वहाणा काढून सर आत आले. पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चंद्राबाई, मी केवळ तुमच्या समाधानासाठी आलोय. दहा मिनिटांचा उतारा असतो. दहा मिनिटं बसतो. मग तुम्ही हे पीठ पसरणं बंद करायचं."

"तुमी बसा तर खरं."

मी पाट स्वच्छ पुसला. त्यावर तिचा तो लुगड्याचा तुकडा अंथरला. सरांनी पेपर शेजारी ठेवला, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? घसा खाकरला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"सुरू करा," म्हणाले.

काही नाही.

बाहेर कोंबडी कलकलली. सावळारामने दाराची चौकट धरली होती.

काही नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. लहान पोराची समजूत काढताना बघतात तसं.

"बघितलंत? आता तुम्ही..."

टक.

एकच.

मग... टक टक. मग टक टक टक टक टक टक, सरळ, एका दमात, अंगणात पावट्याच्या शेंगा फुटाव्यात तशी. आणि फडकं हलत होतं. इथं उचलायचं, तिथं उचलायचं. खाली वर, खाली वर. खाली हात नव्हते. मी वाकून पाहिलं. फडक्याखाली नुसता पाट होता.

सर पाटापासून जरा मागे सरकले. पण ते उठले नाहीत. कान देऊन ऐकत राहिले.

"तिचाच हात आहे," अगदी हळू म्हणाले. "डावी करंगळी जरा उशिरा पडते. किती वेळा सांगितलं होतं तिला..."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मग आता सांगा. बसलीय पुढ्यात. आता सांगा की."

ते तोंड उघडणार, तेवढ्यात ओळ संपली असावी.

आवाज थांबला. क्षणभरच.

आणि मग...

"टिंग!"

घंटी नाही. घरात घंटी नव्हतीच.

माझ्या अंजीचा आवाज. तोंडाने म्हणायची तसा. हसरा.

सर उठले. घड्याळ खाली पडलं, ते उचललं, आणि निघाले. दाराला धडकले. अंगणात पडले. उठून पळाले. वहाणा उंबऱ्याशी राहिल्या.

सावळाराम मागे धावला. "सर, थांबा म्हना! जाताना नुसतं थांबा म्हनून जावा! रस्त्यावरनं म्हना, पर म्हना!"

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

आत पुन्हा चालू झालं होतं. टक टक टक टक.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. दिवेलागण झाली.

मी म्हटलं, "अंजे, थांब." मग ओरडून म्हटलं. मग तिच्या पाया पडून म्हटलं. सावळारामने घसा जाड करून, सरांसारखं, "थांबा" म्हणून पाहिलं.

बोटं उचलली नाहीत. सरांनी शिकवलं होतं. मधे कुणीही हाक मारली तरी उचलायची नाहीत.

त्या दिवसापासून चालू आहे.

रात्री चालू. पहाटे चालू. आम्ही जेवतो तेव्हा चालू. सावळाराम बायकापोरांना घेऊन गोठ्याशेजारच्या खोलीत निजतो. अंबूबाई यायची बंद झाली. जाता जाता सल्ला मात्र देऊन गेली, पाट नीरेत सोडून दे.

"परीक्षेला बसलेल्या पोरीला नदीत ढकलू व्हय गं?" मी विचारलं.

सर पेपर इथंच टाकून गेले होते. एका दुपारी मी तो हातात घेतला. एकेक अक्षर जुळवत वाचला. मोठं काही नव्हतं. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र. आपण पाठवलेला माल अद्याप पोहोचलेला नाही. आम्ही रोज वाट पाहत आहोत. तरी कृपा करून लवकर कळवावे.

एवढंच. खाली 'आपला विश्वासू'.

पोर महिनोन्महिने हेच लिहीत बसलीय. आम्ही रोज वाट पाहत आहोत.

मी पेपर होता तिथं परत ठेवला. तिला लागेल.

मधे एकदा मी फडकं उचललं आणि पाटाला हात लावला. थंडीचे दिवस होते. पाट गरम होता.

तापात तिचं कपाळ लागायचं... तसा.

शिमगा आला तोवर पाटावरची अक्षरं पुसली होती. मधल्या ओळीत लाकडालाच खळगे पडले होते, चार इकडे आणि चार तिकडे. मी चेष्टेत म्हणायची, पाटाला भोकं पडतील. आता ती चेष्टा आठवली की मला माझंच तोंड नकोसं होतं.

आणि आणखी एक. ते कुणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहिते.

आवाज सावकाश झालाय.

आधी शेंगा फुटल्यासारखा होता. आता टक... टक... टक. मधेच लांबतो. डावी करंगळी तर फारच मागे पडते. "टिंग" म्हणते ते हसून म्हणत नाही.

दमलीय माझी पोरगी.

हे लिहितेय तेव्हाही मागे चालूच आहे. सर काही परत आले नाहीत. मी मुद्दाम पाठ करून बसलेय.

मागल्या सोमवारी मी त्या वहाणा पिशवीत घातल्या आणि एसटीत बसले. त्या शाळेची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढले. टायपिंगचा वर्ग शोधावा लागला नाही. आवाज ओळखीचा होता. व्हरांड्यात जरा उभी राहिले. आठ मशीनं एकदम वाजत होती.

मी सरळ आत गेले. सरांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर, वहाणा ठेवल्या.

सर पांढरे पडले. त्यांनी पोरांकडे पाहिलं आणि हात वर केला.

"थांबा," म्हणाले.

आठही मशीनं एका क्षणात बंद. सगळी बोटं वर.

किती सोपं होतं ते! मी साडेतीन महिने ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले, तो शब्द त्यांच्या तोंडून असा पडला. सहज. एक बाई वर्गात आली म्हणून.

सर्वांसमोर बोलणार नाही असं ठरवून गेले होते. पण मग राहवलं नाही.

"सर, हा एवढाच शब्द व्हता," मी म्हटलं. "ह्या लेकरांना दिला, चांगलं केलं. त्यांची बोटं दुखली असत्याल. माझ्या लेकीची बी दुखत्यात. खोटं म्या बोलले तिच्याशी, त्याचं काय व्हायचं ते माझं व्हईल, म्या भोगीन. पर तिला बसवली तुमी. पोर पेपर लिवत असताना जो वर्ग सोडून जातो त्याला भित्रा म्हनून म्या माफ केलं असतं, सर. पर त्याला मास्तर म्हनत न्हाईत."